जादा तिकिटांचा प्रश्न

पोस्टाची तिकिटं जमवणारा माणूस गरीब असतो, असा एक समज आहे. गरीब म्हणजे स्वभावानं. (पैशानंही बहुधा असतोच, पण तो भाग वेगळा.) कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. रविवारी सकाळी खिडकीपाशी बसून चिमट्यानं इवलाले कागद उचलायचे, भिंगातून त्यांचे दाते मोजायचे आणि जेवायला हाक आली की 'आलोच' म्हणून आणखी तासभर बसून राहायचं. असा माणूस कुणाचं काय वाकडं करणार? ज्यांचा असा समज असेल त्यांनी एकदा आमच्या मंडळाच्या सभेला यावं आणि चहा चालू असताना सहज म्हणावं, "अमुक संग्रहालय आपल्याकडची जादा तिकिटं काढून टाकतंय म्हणे." मग पाहावं.

आमची सभा दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात भरते. बाकं आठवीच्या मुलांच्या मापाची आणि सभासद साठीच्या पुढचे. त्यामुळे एकदा बसलेला माणूस सहसा उठत नाही. आमच्या सभा लांबतात त्याचं हे एक कारण. पण जादा तिकिटांचा विषय निघाला की गुडघे विसरून सगळे उभे राहतात. तीन तट पडतात. पहिला तट म्हणतो, "विकताच कामा नयेत. भाव पडतील." दुसरा म्हणतो, "विकू नयेत आणि ठेवूही नयेत. जाळून टाकावीत. म्हणजे आपल्याकडच्यांचे भाव चढतील." तिसरा तट एकाच सभासदाचा आहे. ते म्हणतात, "मला द्या." तिघांत हे शेवटचे गृहस्थ मला त्यातल्या त्यात सज्जन वाटतात.

माझं भांडण पहिल्या दोघांशी आहे. संग्रहालयांशीही थोडं आहे, पण ते मागाहून.

जादा वस्तूचं काय करायचं, हा प्रश्न मराठी संसारात बोहारणीनं केव्हाच सोडवला होता. चार जुनी लुगडी, दोन पँटी आणि पाऊण तासाची घासाघीस एवढ्या भांडवलावर स्टीलचं पातेलं घरात येई. या व्यवहाराचा एकच नियम होता, ज्याची पँट त्याला विचारायचं नाही. संध्याकाळी तो घरी आला की त्याला पातेलं दाखवायचं. संग्रहालयवाले याच व्यवहाराला 'डीॲक्सेशनिंग' म्हणतात. शब्द इतका भारदस्त आहे की तो उच्चारेपर्यंत वस्तू दाराबाहेर गेलेली असते. नियम मात्र बोहारणीपेक्षा पुष्कळ कडक आहेत, हे कबूल केलं पाहिजे. ब्रिटनमध्ये संग्रहालयांच्या आचारसंहितेप्रमाणे नको असलेली वस्तू आधी दुसऱ्या संग्रहालयांना 'हवी का' म्हणून विचारायची असते आणि निव्वळ पैशासाठी विकायची ती अगदीच अपवादात्मक परिस्थितीत. अमेरिकेतली संहिता म्हणते, विका, पण आलेला पैसा नव्या वस्तू घेण्यात किंवा असलेल्यांची निगा राखण्यात घाला. छपराची गळती काढायला किंवा पगार भागवायला वापरू नका. थोडक्यात, पँटी देऊन पातेलं घ्या, वाण्याची उधारी फेडू नका.

पण मुळात संग्रहालयात तिकिटं जादा होतातच कशी? तिथे काय दोन-दोन ताजमहाल असतात?

होतात. तिकीट ही वस्तूच अशी आहे की ती एकटी जन्माला येत नाही. लंडनमध्ये 1840 साली जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट निघालं, पेनी ब्लॅक. त्याच्या एका शीटवर 240 तिकिटं होती. वीस ओळी आणि ओळीत बारा. का, तर एका पौंडाचे पेन्स 240. पोस्टमास्तरला हिशेब सोपा. या 240 जुळ्या भावंडांपैकी कोण कुठे बसलेलं आहे हे कळावं म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्यांत अक्षरं घातली, पहिलं ए-ए आणि शेवटचं टी-एल. नवी छपाईची प्लेट तयार झाली की तिच्यावरची पहिली शीट मंजुरीची म्हणून सरकारदप्तरी जमा व्हायची. ही पद्धत पुढे वर्षानुवर्षं चालली. आता तुम्हीच गुणाकार करा. दुसरी वाट बर्नची. तिथे जागतिक टपाल संघाचं कार्यालय आहे. 1879 पासून असा रिवाज पडला, की कुठल्याही देशानं नवं तिकीट काढलं की त्याच्या प्रती बर्नला धाडायच्या आणि बर्ननं त्या सगळ्या सभासद देशांना वाटायच्या. हेतू हा, की परदेशातून आलेल्या पाकिटावरचं तिकीट खरं की खोटं हे पोस्टातल्या कारकुनाला ताडून पाहता यावं. कारकुनानं किती ताडलं ते देव जाणे. कपाटं मात्र भरली. आणि तिसरी वाट विधवांची. तिच्याविषयी पुढे बोलू.

तर 2013 सालच्या उन्हाळ्यात लंडनच्या टपाल संग्रहालयानं आपल्याकडच्या अशाच नोंदणी-शीटांतली दुबार तिकिटं सदबीजच्या लिलावात काढली. नवं संग्रहालय बांधायचं होतं आणि पैसा हवा होता. ते संग्रहालय 2017 साली उघडलं. जमिनीखालून टपालाच्या थैल्या वाहणारी लंडनची छोटी रेल्वे 1927 पासून 2003 पर्यंत चालू होती. तिच्यात आता थैल्यांच्या जागी माणसं बसवून फिरवून आणतात. म्हणजे तिकिटं विकून लोकांनी तिकीट काढून यावं अशी सोय केली. यात वाईट काही नाही. निदान पातेलं घरातच आलं.

आमच्या मंडळात मात्र तेव्हा हलकल्लोळ झाला. ज्यांच्या आल्बमात लंडनचं जुन्यात जुनं तिकीट म्हणजे राज्यारोहणाचं अडीच पेनीचं, तेही कोपरा दुमडलेलं, ते गृहस्थ म्हणाले, "आमच्या संग्रहाची किंमत काय राहिली आता?" मी म्हटलं, "होती तेवढीच." ते तीन सभा माझ्याशी बोलले नाहीत.

वाचकहो, संग्राहकाच्या 'किंमत' या शब्दाविषयी दोन शब्द सांगणं भाग आहे. आमच्याकडे कॅटलॉग नावाचा जाड ग्रंथ असतो. त्यात प्रत्येक तिकिटापुढे एक आकडा छापलेला असतो. त्या आकड्याचं आणि बाजाराचं नातं म्हणजे लग्नाच्या जाहिरातीतल्या 'गोरी, गृहकृत्यदक्ष' या शब्दांचं आणि प्रत्यक्ष मुलीचं असतं तसं. त्या भावात कुणी विकत नाही आणि विकलं तर कुणी घेत नाही. तरीही वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास, आमचे सभासद वहीत बेरीज मांडतात आणि चार दिवस श्रीमंत असतात. मला त्यात गैर वाटत नाही. गैर वाटतं ते पुढचं. ही बेरीज कमी होऊ नये म्हणून लंडनच्या संग्रहालयानं, वॉशिंग्टनच्या संग्रहालयानं, उद्या दिल्लीच्या डाक भवनातल्या संग्रहालयानं आपली कपाटं कुलूपबंद ठेवावीत, किंवा त्याहून वाईट म्हणजे काडी लावावी, ही मागणी.

हे काडीचं प्रकरण जुनं आहे. ब्रिटिश गियानाचं 1856 सालचं एक सेंटचं किरमिजी तिकीट जगात एकच आहे. ते फेरारी नावाच्या संग्राहकाकडे होतं. या फेरारीनं आपला सगळा संग्रह मृत्युपत्रानं बर्लिनच्या टपाल संग्रहालयाला ठेवला होता. तो 1917 साली वारला. पण महायुद्ध चालू होतं आणि संग्रह पॅरिसमध्ये होता. फ्रेंच सरकारनं शत्रूची मालमत्ता म्हणून तो ताब्यात घेतला आणि 1921 ते 1926 या काळात चौदा लिलावांत तुकडे तुकडे करून विकला. संग्रहालयाला जगातला सर्वांत मोठा संग्रह मिळायचा होता, तो राहिला कागदावर. ते किरमिजी तिकीट 1922 साली आर्थर हाइंड नावाच्या अमेरिकन गिरणीमालकानं घेतलं. पुढे अशी वदंता उठली, की तसंच दुसरं तिकीट घेऊन एक माणूस हाइंडकडे आला. हाइंडनं ते विकत घेतलं आणि त्यानं सिगार पेटवला. "आता पुन्हा एकच," असं तो म्हणाला म्हणे. याला पुरावा कसलाही नाही. पण मला सांगायचंय ते निराळंच. ही गोष्ट आमच्या मंडळात मी आजवर पंधरा-वीस वेळा ऐकली असेल, आणि दर वेळी सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर कौतुक असतं! एखाद्यानं शनिवारवाड्याची वीट फोडून 'आता माझ्याकडची एकच उरली' म्हटलं, तर त्याला आपण चौकीवर नेऊ. इथे टाळ्या.

त्याच किरमिजी तिकिटाची पुढची गंमत ऐका. 2021 साली ते लंडनच्या एका जुन्या तिकीट-व्यापारी कंपनीनं त्र्याऐंशी लाख डॉलरना घेतलं आणि त्याचे भाग करून लोकांना विकायला काढले. कात्रीनं नव्हे, कागदोपत्री. म्हणजे ज्या तिकिटावर आधीच एका पोस्ट-कारकुनाची सही आहे, त्यात आता तुमचाही शंभर पौंडांचा वाटा. आमच्या मंडळातल्या पहिल्या दोन तटांना खरं म्हणजे हेच हवं आहे. तिकीट नको, वाटा हवा. चिमटा नको, दलाल हवा. त्यांनी जरूर शेअरबाजारात जावं. तिथे बाकंही मोठी असतील.

आता संग्राहकांचा राग नेहमीच खोटा असतो असं मी म्हणत नाही. काही वेळा तो सोळा आणे खरा होता. 1889 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हॅमिल्टन बँक नोट कंपनीच्या सीबेकनं निकाराग्वा, होंडुरास, एल साल्वादोर, इक्वेडोर या सरकारांशी असा करार केला, की दरवर्षी नवी कोरी तिकिटं तुम्हाला फुकट छापून देतो. वर्ष संपलं की ती रद्द करायची, उरलेली मला परत द्यायची आणि मी ती संग्राहकांना विकणार. हा म्हणजे जादा मालाचा कारखानाच झाला. त्यावर 1895 साली लंडनमधल्या संग्राहकांनी असल्या सट्टेबाज तिकिटांच्या निर्दालनासाठी चक्क एक संस्था काढली. योग्यच केलं. तसंच फार्लीचं. रूझवेल्टसाहेबांचा हा पोस्टमास्तर जनरल. साहेब स्वतः तिकिटवेडे. तर हा गृहस्थ छापखान्यातून डिंक न लावलेल्या, भोकं न पाडलेल्या खास शीटा आणून साहेबांना आणि मित्रमंडळींना भेट देई. बाहेर बोभाटा झाला, संग्राहक खवळले आणि शेवटी 1935 साली तसल्याच शीटा छापून सर्वांना विकायला ठेवाव्या लागल्या. इथे लोकांची तक्रार 'आम्हालाही मिळाव्यात' अशी होती, 'कुणालाच मिळू नयेत' अशी नव्हती. फरक लक्षात घ्या.

आणि 1962 चं हामारशॉल्ड प्रकरण तर मी दर वर्षी सभेत सांगतो आणि दर वर्षी लोक रागावतात. अमेरिकेनं त्यांच्या स्मरणार्थ चार सेंटचं तिकीट काढलं. काही शीटांवर पिवळा रंग उलटा छापला गेला. न्यू जर्सीतल्या एका जवाहिऱ्याला अशी एक शीट मिळाली, पन्नास तिकिटांची. त्याला वाटलं, आपलं भाग्य फळफळलं. पोस्टमास्तर जनरल डे यांना वाटलं, चुकीच्या तिकिटावर कुणी लॉटरी का जिंकावी? त्यांनी मुद्दाम तीच चूक करून चार कोटी तिकिटं छापून घेतली. जवाहिऱ्या कोर्टात गेला, पण घोडं पाणी पिऊन गेलं होतं. त्या तिकिटाला आज चहाच्या कपाएवढीही किंमत नाही. आमच्या मंडळाच्या मते डे हा खलनायक. मला विचाराल तर त्या वर्षी अमेरिकेतल्या प्रत्येक शाळकरी पोराला चार सेंटमध्ये उलटं छापलेलं तिकीट आल्बमात लावता आलं! आपल्याकडे 1854 च्या चार आण्यांच्या तिकिटावर राणीचं डोकं उलटं छापलं गेलं होतं. ते मी फक्त चित्रात पाहिलंय आणि पुढेही चित्रातच पाहणार. आणि तो जवाहिऱ्या? त्यानं आपली शीट पुढे तिकडच्या संग्राहक संस्थेला देऊन टाकली. भावाची बेरीज मांडणाऱ्यांना ही गोष्टीची शेवटची ओळ नेमकी आठवत नाही.

दुसऱ्या तटाचा एक युक्तिवाद मात्र ऐकण्यासारखा असतो. "टपाल खातं न खपलेली तिकिटं नष्ट करतंच ना? मग संग्रहालयानं केली तर काय झालं?" झालं हे, की खात्याच्या गोदामातलं तिकीट हा माल असतो. संग्रहालयात ठेवलेलं तिकीट हा पुरावा असतो. वाण्यानं सडके कांदे फेकले तर कुणी विचारत नाही. कोर्टातल्या कारकुनानं मुद्देमाल फेकला तर विचारतात. शिवाय आज ज्याला आपण माल म्हणतो तो उद्या पुरावा होणार नाही कशावरून? वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमधला तिकिटांचा राष्ट्रीय संग्रह 1886 साली सुरू झाला, तो कुणीतरी भेट दिलेल्या एका शीटवरून. ती शीट होती यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेकडच्या सरकारची, दहा सेंटची. सरकार बुडालेलं, तिकीट चालेनासं झालेलं. याहून जादा वस्तू ती काय असणार? ज्याच्या हाती ती पडली त्यानं तिनं चूल पेटवली असती तर लाखो वस्तूंच्या त्या संग्रहाचा पहिला कागदच नसता.

आणखी एक कोडं मी घालत असतो. 1948 साली गांधीजींचं दहा रुपयांचं तिकीट निघालं. त्यातल्या अवघ्या शंभरांवर 'सर्व्हिस' अशी अक्षरं छापून ती गव्हर्नर जनरलच्या कार्यालयाला दिली होती. त्यांतल्या चार तिकिटांची पट्टी 2017 साली पाच लाख पौंडांना गेली. समजा, उद्या एखाद्या सरकारी कपाटाच्या तळाशी, उंदरांनी न कुरतडलेल्या पाकिटात, अशी आणखी पन्नास सापडली. तर काय करावं? सभेतला पहिला तट म्हणाला, "गुप्त ठेवावं." दुसरा म्हणाला, "जाळावं." गांधीजींचं तिकीट! त्या दिवशी मी चहा न घेता घरी आलो. आमच्या मंडळाच्या इतिहासात असं कुणी केलेलं नाही.

आता संग्रहालयांकडे वळतो. त्यांना माझ्या तावडीतून सोडण्याचा इरादा नाही.

त्यांचा दोष विकण्यात नाही, 'जादा' ठरवण्यात आहे. दोन तिकिटं दिसायला सारखी असली की फाइलवर शेरा पडतो, 'दुबार'. पण तिकिटाचा अभ्यास करणारा माणूस एका तिकिटावर काय करणार? प्लेटवर कुठे ओरखडा होता, कोणतं अक्षर तिरकं बसलं होतं, मग ते कधी दुरुस्त केलं, हे कळायला तेच तिकीट शेकड्यांनी लागतं. ती एकेक करून मूळ शीटवरच्या आपापल्या जागी बसवत न्यायची, जिगसॉ कोड्यासारखी. माणसं यात उभी हयात घालवतात. अखंड शीट म्हणजे त्या कोड्याचं छापील उत्तर. ती कापून चार-चारचे ब्लॉक करून विकली की उत्तरपत्रिकाच फाडून वाटल्यासारखं झालं. शिवाय संग्रहालयातून तिकीट बाहेर पडलं की ते कुठून आलं, कुणी दिलं, कोणत्या कपाटात होतं, ही सगळी कुळकथा मागे राहते. राहतो तो दाते असलेला कागद. बोहारणीच्या गाठोड्यात तुमची पँट आणि शेजाऱ्यांची पँट एकच.

विकायचं कसं, याचा धडा मी एका राणीकडून घेतला. लंडनच्या राजघराण्याचा तिकिटांचा खासगी संग्रह प्रसिद्ध आहे. त्याचं वेड पाचव्या जॉर्जनं लावलं. युवराज असताना त्यानं 1904 साली मॉरिशसचं निळं दोन पेनीचं तिकीट 1450 पौंडांना घेतलं. दुसऱ्या दिवशी एका दरबाऱ्यानं विचारलं, "कुणा मूर्खानं एका तिकिटाला एवढे पैसे दिले, वाचलंत का?" आणि युवराज म्हणाले, "तो मूर्ख मीच." अशी गोष्ट सांगतात. तर त्याच्या नातीनं, म्हणजे दुसऱ्या एलिझाबेथनं, 2001 साली संग्रहातली दुबार तिकिटं लिलावात काढली. कशासाठी? एका पाकिटासाठी. पेनी ब्लॅक अधिकृतपणे सुरू झालं त्या दिवशी, 6 मे 1840 रोजी, स्कॉटलंडमधल्या कर्कूब्री गावाहून निघालेलं, वर दहा पेनी ब्लॅक असलेलं ते पाकीट. (गावाचं स्पेलिंग बघितलंत तर उच्चार असा असेल यावर विश्वास बसत नाही.) किंमत सुमारे अडीच लाख पौंड. राजवाडा, दागिने, घोडे बाळगणारी बाईसुद्धा पाकीट घ्यायचं तर घरातल्या डुप्लिकेट विकते. आमच्या हिला मी हे वाचून दाखवलं. ही म्हणाली, "तिनं विकल्या तरी. तुम्ही नुसत्या आणता."

आता विधवांची वाट.

आमच्या मंडळात एक सर होते. शाळेत भूगोल शिकवायचे. संस्थानांची तिकिटं हा त्यांचा प्राण. अकरा आल्बम, प्रत्येक पानावर शाईनं, बोरूसारख्या अक्षरात टिपा. कुठल्या राज्याची सरहद्द कुठे होती, टपाल कोणत्या घाटानं उतरायचं, नाणं कोणतं चालायचं, सगळं. जादा तिकिटं जाळण्याच्या तटात सर नव्हते. ते कुठल्याच तटात नव्हते, कारण सभा चालू असताना ते कोपऱ्यात बसून आपल्या जादा तिकिटांची पाकिटं करत असायचे. वर्गातल्या मुलांना द्यायला. सर गेले. बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, ते अकरा आल्बम एका सरकारी संग्रहालयाला द्यायचे ठरवले. पैसे नकोत, फुकट. मी बरोबर गेलो होतो. तिथल्या साहेबांनी पहिल्या आल्बमाची चार पानं उलटली आणि अगदी सौजन्यानं सांगितलं, "ही आमच्याकडे आहेत, बाई. डुप्लिकेट होतील."

बाई म्हणाल्या, "अहो, तिकिटं असतील. त्यांचं अक्षर आहे का तुमच्याकडे?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

मग आम्ही एका व्यापाऱ्याकडे गेलो. त्यानं टिपांची पानं बाजूला काढून ठेवली, तिकिटं स्टॉकबुकात भरली आणि रकमेचा आकडा सांगितला. तो आकडा मी इथे लिहीत नाही, सरांचा अपमान होईल. बाईंनी आल्बम पिशवीत घातले आणि आम्ही रिक्षानं परत आलो.

ही हकीकत मी सभेत सांगितली तेव्हा पहिला तट आणि दुसरा तट दोन्ही गप्प बसले. कारण ऐकणाऱ्यांपैकी प्रत्येकाच्या घरात असे आल्बम आहेत, आणि प्रत्येकाची मुलं बंगलोरला किंवा टेक्सासला आहेत. त्या मुलांच्या मते ते आल्बम म्हणजे काय, हे त्यांना विचारायची कुणाची छाती होत नाही. लंडनची जादा तिकिटं जाळा म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचं कपाट आलं असावं. वर्षानुवर्षं हे लोक संग्रहालयाला बजावत आले, की दुबार वस्तूला जगण्याचा हक्क नाही. संग्रहालयानं ते मनावर घेतलं, एवढंच.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत. कुठल्याही संग्रहालयानं तिकीट जाळायचं नाही. ओलीनं शीटा एकमेकींना चिकटून लगदा झाला असेल तरी आधी अभ्यासकाला दाखवायचा. लगद्यावरही प्रबंध लिहिणारे लोक आहेत, मी त्यांना ओळखतो. 'दुबार' हा शेरा मारण्याआधी यादी छापून जाहीर करायची आणि तीन महिने थांबायचं. अखंड शीट कापायची नाही. मौल्यवान असेल ते विका, पण आलेल्या पैशातून तिकीटच घ्या. आणि जे मौल्यवान नाही, म्हणजे शेकडा नव्वद, ते लिलावाच्या वाटेला न नेता पाकिटं करून शाळांना द्या. प्रत्येक पाकिटात पंचवीस तिकिटं आणि एक चिठ्ठी, हे कुठून आलं आणि कोणत्या कपाटात होतं याची. आजकालच्या पोरांच्या घरी पत्रं येत नाहीत. येतं ते कुरियर, त्यावर काळ्या रेघांचं लेबल. त्यांना तिकीट मिळायचं कुठून? एखाद्याला त्यात हेल्व्हेशिया लिहिलेलं सापडेल आणि हा देश नकाशात कुठाय म्हणून तो तासभर शोधेल. सरांच्या वर्गात हे दर वर्षी व्हायचं.

भाव पडतील? पडू द्यात.

मागच्या महिन्यात मंडळानं ठराव केला, की सभासदांनी आपापल्या जादा तिकिटांतून अशी पाकिटं करावीत आणि ज्या शाळेच्या बाकांवर आपण बसतो तिथून सुरुवात करावी. ठरावाला विरोध दोघांचा झाला. तिसऱ्या तटाचे गृहस्थ म्हणाले, "मुलांना वाटण्याआधी मला बघू द्या." सरांच्या बाईंनी दोन आल्बम पाठवले आहेत, टिपांसकट. बाकीचे नऊ त्यांच्याकडेच आहेत आणि कुणा संग्रहालयाला ते हवे असतील तर त्यांनी मंडळाच्या पत्त्यावर कळवावं. मात्र पाकिटावर तिकीट लावावं, ही विनंती. मशीनचा शिक्का मारलेलं पत्र आमच्याकडे जादा समजलं जातं.